फळ्यावर तारीख लिहिता येईना झालंय

"मॅडम नमस्कार, मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत शिक्षिका आहे. वय 53. शुगर आहे, आठ वर्षं झाली, गोळ्या चालू आहेत. जानेवारीत उजवा खांदा दुखायला लागला, वाटलं थंडी आहे, गार वारं लागलं असेल, बाम चोळला. मार्चपर्यंत हात वर जाईना झाला. आता शाळा सुरू झाली आणि फळ्यावर वरच्या कोपऱ्यात तारीख लिहायची तर डाव्या हातानं लिहिते, पोरं हसतात. अंबाडा लेक घालून देते. रात्री त्या कुशीवर वळलं की जाग येते. एक्स-रे काढला, तो नॉर्मल आहे. डॉक्टर म्हणाले फ्रोजन शोल्डर. एका ठिकाणी फिजिओथेरपी लावली, तिथं आधी मशीनचा शेक देतात आणि मग हात धरून असा ओढतात की डोळ्यातनं पाणी येतं, नंतर दोन दिवस ठणकूलालंय. सहा वेळा गेले आणि बंद केलं. नणंद म्हणते दुखल्याशिवाय खांदा सुटत नाही, जा परत. दुसरे एक डॉक्टर म्हणाले भूल देऊन एका दिवसात मोकळा करून देतो. शेजारचे काका म्हणतात काही करू नका, माझा दोन वर्षांत आपोआप गेला. मी ऐकू कुणाचं?"

नमस्कार बाई (मराठी शाळेतल्या बाईंना मी बाईच म्हणणार, माझी जीभ दुसरं काही म्हणतच नाही),

पहिलं सांगते, तुम्ही फिजिओ बंद केलीत म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. तुमच्या पत्राचा सूर थोडा तसा आहे, जणू तुम्हीच सहन करायला कमी पडलात. तसं नाहीये.

आता एक जुनी गोष्ट, माझ्याच चुकीची. मी नवीन पास होऊन फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करायला लागले तेव्हा मीही असेच हात ओढायची. शिकवलेलंच तसं होतं, सांधा आखडलाय ना, मग ताणा. गोकाककडच्या एक कन्नड मावशी यायच्या, "कै एत्ताक आगवल्दु" म्हणायच्या, हात उचलायलाच येत नाही म्हणून. मी रोज त्यांचा हात कोनमापकानं मोजायची आणि पाच अंश वाढले की खूष व्हायची, पण दुसऱ्या दिवशी ते पाच अंश गायब, वर चेहरा सुजल्यासारखा, रात्रभर झोप नाही. दहाव्या दिवशी मावशी आल्याच नाहीत. तेव्हा मला वाटलं पेशंटच कच्चा. आता वाटतं की मावशींना कळलं होतं ते मला कळायला पुढं चारपाच वर्षं लागली.

तर खांद्यात होतं काय ते आधी बघू. खांद्याच्या सांध्याभोवती एक पातळ पिशवी असते, कॅप्सूल म्हणतात. एरवी ती सैल असते, झब्ब्याच्या काखेत जसं जास्तीचं कापड सोडलेलं असतं तसं, म्हणून हात वर जातो. फ्रोजन शोल्डरमध्ये ही पिशवी आधी सुजते आणि मग जाड होत जाते, आकसते. काखेतलं ते जास्तीचं कापडच शिवून टाकल्यासारखं होतं. गार वाऱ्याचा ह्याच्याशी संबंध नाही, शुगरचा मात्र नक्की आहे. शुगरवाल्यांना हा त्रास इतरांपेक्षा साधारण पाचपट होतो असं सगळे अभ्यास एकत्र करून बघितल्यावर दिसलंय, थायरॉइडवाल्यांनाही जास्त होतो, आणि वय बहुतेक चाळीस ते साठच्या मधलं. जपानी लोक ह्या दुखण्याला गोजुकाता म्हणतात, म्हणजे पन्नाशीचा खांदा. तुमचं वय 53, त्यामुळं जपानात असता तर नाव ऐकूनच डायग्नोसिस झालं असतं.

फ्रोजन शोल्डर हे नाव 1934 साली बोस्टनच्या कॉडमन नावाच्या सर्जननी रूढ केलं आणि त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलंय की हे दुखणं व्याख्येत बसवायला अवघड, बरं करायला अवघड आणि समजावून सांगायलाही अवघड. नव्वद वर्षं झाली, आम्ही अजून समजावतोच आहोत.

एक चाचणी लेकीला घेऊन घरी करा, फक्त खात्रीसाठी. दोन्ही कोपरं कुशीला चिकटवा, काटकोनात वाकवा, आणि कोपर न हलवता दोन्ही पंजे बाहेरच्या बाजूला न्या, दार उघडल्यासारखे. डावा जाईल, उजवा जवळजवळ जागेवरच अडेल. आता लेकीनं हलक्या हातानं उजवा बाहेर न्यायचा प्रयत्न करायचा, जोर नाही, नुसतं बोटानं. तिलाही जाईना तर सांधाच आखडलाय. तिला नेता येतोय पण तुम्हाला स्वतःच्या ताकदीनं नेता येत नाही असं असेल तर मामला वेगळा, स्नायूच्या दोरीचा असू शकतो, मग परत डॉक्टरना दाखवा. एक्स-रे नॉर्मल आला हे चांगलंच झालं, फ्रोजन शोल्डरमध्ये तो नॉर्मलच यायला पाहिजे. सांधा झिजलेला असेल किंवा निसटलेला असेल तरी हात असाच अडतो, ते बाजूला काढायलाच एक्स-रे असतो.

आता तुमचे तीन सल्लागार एकेक करून घेऊ.

नणंदबाई म्हणतात दुखल्याशिवाय सुटत नाही. नेदरलँड्समध्ये 77 पेशंटवर एक अभ्यास झाला, 2004 साली छापून आला. एका गटाला दुखण्याच्या पलीकडं जाऊन जोरात ताणायची फिजिओ दिली, दुसऱ्या गटाला नीट समजावून सांगितलं, हात लोंबकळता ठेवून झुलवायला सांगितला, दुखायच्या आतल्या आत जेवढं होईल तेवढं करा म्हणाले आणि बाकी रोजचं काम चालू ठेवायला सांगितलं. दोन वर्षांनी खांद्याला शंभरपैकी मार्क दिले तेव्हा हलक्या गटातले 89 टक्के लोक ऐंशीच्या वर होते आणि ताणलेल्या गटातले 63 टक्के. गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते त्यामुळं मी ह्या आकड्यांवर शपथ घेणार नाही, पण जोरात ओढल्यानं लवकर सुटतो असं तर ह्यातनं अजिबात निघत नाही.

आणि ह्याच्यामागचं कारण मला फार आवडतं, म्हणून जरा लांबते. ऑस्ट्रेलियात 2018 साली एक छोटा प्रयोग छापला गेला, फक्त पाच पेशंट. त्यांचा हात जागेपणी किती वर जातो ते मोजलं आणि मग ऑपरेशनच्या टेबलावर भूल दिल्यावर, काही कापायच्या आधीच, परत मोजलं. भूल दिल्याबरोबर हात बराच जास्त वर गेला. पिशवी तीच, आकसलेली, मग वाढला कसा? म्हणजे अडवणारी नुसती पिशवी नव्हती, भोवतीचे स्नायूही हात धरून बसले होते, पहारा देत. पाचच माणसं आहेत म्हणून सगळ्यांना तेच लागू असं म्हणणार नाही, पण माझ्या टेबलावर मी हे रोज बघते. तुम्ही हात ओढलात की पहारेकरी अजून जागा होतो. पेशंट दात आवळतो, श्वास धरतो, खांदा कानापर्यंत उचलतो आणि आपण समजतो सांधा अजून घट्ट झाला. त्याच माणसाला गप्पांत गुंतवा, पोराच्या लग्नाचं विचारा, हात दहा अंश आपोआप जास्त जातो. मी तर आता पेशंट आला की आधी घरचं काय चाललंय ते विचारते, लोकांना वाटतं मॅडमला चांभारचौकशा फार.

मशीनचा शेक. वाईट काही नाही, दहा मिनिटं बरं वाटतं, पण त्या दिव्याबिव्यांनी पिशवी सैल होते असा भरवशाचा पुरावा नाही. गरम पाण्याच्या पिशवीनं घरी तेवढंच होतं. वीस मिनिटं मशीनखाली झोपवायचं आणि पाच मिनिटं व्यायाम घ्यायचा हा हिशोब उलटा आहे, आणि हे मी माझ्याच धंद्यातल्या लोकांना उद्देशून म्हणते, रागावले तर रागावू देत.

दुसरे डॉक्टर, भूल देऊन एका दिवसात. ह्यावर मात्र मोठा आणि चांगला अभ्यास आहे, ब्रिटनमधल्या 35 हॉस्पिटलांतला, 503 पेशंट, 2020 साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात आला. तीन गट होते. एकाला भूल देऊन हात हलवून सोडवला, एकाला दुर्बिणीतनं पिशवी कापून सोडवला, आणि एकाला सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊन बारा आठवड्यांत बारापर्यंत फिजिओच्या भेटी. वर्षभरानं 48 पैकी मार्क बघितले तर भूलवाल्यांना 38, दुर्बिणवाल्यांना 40, फिजिओवाल्यांना 37. दोनतीन मार्कांचा फरक, पेशंटला जाणवावा एवढा नाही. गंभीर त्रास एकूण 10 वेळा झाला, त्यातले 8 दुर्बिणीच्या गटात, 2 भूलच्या गटात, फिजिओच्या गटात एकही नाही. उलट बाजूही सांगते, लपवत नाही, फिजिओच्या गटातल्या 15 टक्के लोकांना पुढं आणखी काहीतरी उपचार घ्यावे लागले, बाकी दोन गटांत हे प्रमाण बरंच कमी होतं. म्हणजे भूल देऊन सोडवणं ही फसवणूक नाहीये, डॉक्टर खोटं बोलले नाहीत, पण पाचव्या महिन्यात, अजून नीट इंजेक्शन आणि नीट व्यायाम झालेलाच नसताना लगेच तिकडं उडी मारायचं कारण नाही. शिवाय "एका दिवसात" हे अर्धंच खरं आहे, कारण सोडवल्यानंतरही व्यायाम करावाच लागतो, महिनोन्महिने, आणि तो नाही केला तर परत आखडू शकतो. सहाआठ महिने मनापासून करूनही जागचं हललं नाही तर तेव्हा विचार करा, हवं तर मिरजेला जाऊन दुसरं मत घेऊन या, आपल्याकडचे लोक नाहीतरी प्रत्येक हाडासाठी मिरज गाठतातच.

काकांचं काय? काका बऱ्यापैकी नशीबवान. पूर्वी आम्हालाही हेच शिकवलं जायचं, आधी दुखतं, मग आखडतं, मग आपोआप वितळतं, दोन वर्षं थांबा. 2017 साली काही संशोधकांनी ह्या समजुतीचा आधार कुठं आहे म्हणून जुने अभ्यास शोधले तर उपचाराशिवाय पूर्ण बरं होतं ह्याला धड पुरावाच सापडला नाही, आणि जी काही सुधारणा होते ती शेवटी एकदम होत नाही तर आधीच्या काळात जास्त होते आणि पुढं मंदावते. इंग्लंडमध्ये सरासरी चार वर्षांहून जास्त काळ गेलेल्या पेशंटना विचारलं तर 59 टक्के जवळजवळ नॉर्मल होते आणि बाकीच्यांना थोडंफार काहीतरी उरलं होतं, बहुतेकांना किरकोळ, थोड्यांना बरंच. त्यामुळं घाबरायचं नाही, पण नुसतं बसूनही राहायचं नाही, आणि तुम्हाला शुगर आहे तर काकांपेक्षा तुमचा वेळ जास्त लागू शकतो हे आधीच मनाला सांगून ठेवा.

मग करायचं काय.

तुम्हाला रात्री जाग येते म्हणजे सूज अजून आहे, ह्या टप्प्यात ताणणं नको, दुखणं उतरवणं पाहिजे. ह्यासाठी सांध्यात दिलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन सध्या सगळ्यात जास्त पुरावा असलेली गोष्ट आहे. 2020 साली 65 अभ्यास एकत्र करून बघितले, चार हजारांवर पेशंट, तेव्हा पहिले काही महिने दुखणं कमी करायला हेच पुढं होतं, आणि त्याच्या जोडीला घरचा व्यायाम केला तर आणखी चांगलं, असं निघालं. आणि ते जितकं लवकर तितकं कामाचं, दीड वर्षानं घेऊन काय उपयोग. पण बाई, शुगर! हे इंजेक्शन घेतलं की पुढचे काही दिवस शुगर चढते. त्यामुळं आधी तुमच्या शुगरच्या डॉक्टरांशी बोला, तीन महिन्यांची शुगर तपासा, आणि इंजेक्शननंतर आठवडाभर घरी मशीनवर रोज बघत राहा. आणि तो आठवडा कुणी कुंदा, म्हणजे आपली बेळगावी मिठाई, आणला तर पोरांना वाटून टाका. कंबरेत देतात ते दुखण्याचं इंजेक्शन वेगळं, मी सांगतेय ते खांद्याच्या सांध्याच्या आतलं, डॉक्टरांना तसं स्पष्ट विचारा.

आता व्यायाम, आणि इथं तुमच्या शाळेतलंच सामान वापरू.

मोठी लाकडी मीटरपट्टी आहे ना वर्गात? एक घरी न्या. उताणं झोपा, उजव्या दंडाखाली टॉवेलची घडी, दोन्ही कोपरं कुशीला आणि काटकोनात, पट्टी दोन्ही हातात आडवी धरा, आणि डाव्या हातानं पट्टी हळूच उजवीकडं ढकला म्हणजे उजवा पंजा बाहेर जाईल. ताण जाणवला की थांबा, दहा मोजा, परत या. दहा वेळा. ही हालचाल सगळ्यात आधी जाते म्हणून हिच्यावर लक्ष ठेवायचं, लोक नुसताच हात वर वर करत बसतात.

दुसरं, ओट्यावर किंवा टेबलावर फडकं ठेवून त्यावर हात ठेवायचा आणि पुसल्यासारखा पुढं सरकवत न्यायचा, अंग पुढं वाकवून. हाताचं वजन टेबल उचलतं त्यामुळं पहारेकरी झोपलेला राहतो. तिसरं, डाव्या हातानं टेबल धरून पुढं वाकायचं आणि उजवा हात घंटेच्या लोलकासारखा सोडायचा, हलवायचा नाही, अंग झुलवलं की तो झुलतो.

आणि चौथं माझं सगळ्यात आवडतं. घराच्या भिंतीसमोर उभं राहून बोटं भिंतीवर चालवत वर न्यायची, जिथं अडेल तिथं खडूनं रेघ मारायची आणि शेजारी तारीख. रोज नाही, फक्त रविवारी. रोज बघितलं की निराशा येते, आठवड्यानं बघितलं की कळतं, आणि बोटभरच जरी वर गेली तरी रेघ खोटं बोलत नाही. एखाद्या रविवारी खाली आली तर तेही लिहून ठेवा, त्या आठवड्यात काय झालं ते आठवा, नक्की काहीतरी उचललेलं असतंय.

हे दिवसातनं दोनतीनदा, दहा मिनिटं, आधी गरम पाण्याची पिशवी. किती दुखू द्यायचं हा खरा प्रश्न. करताना थोडं ताणल्यासारखं दुखलं तर चालेल, अर्ध्या तासात उतरायला पाहिजे. रात्री जास्त ठणकलं किंवा सकाळी उठताना कालच्यापेक्षा वाईट असेल तर डोस जास्त झाला, दुसऱ्या दिवशी निम्मं करा, बंद नका करू. रात्रीचं दुखणं गेलं आणि उरला नुसता आखडलेपणा की मग हळूहळू जास्त ताणायला हरकत नाही, तेव्हा फिजिओकडं परत जा, हातानं सांधा हलवायचं ट्रीटमेंट तेव्हा उपयोगी पडतं. दुसरीकडं जा किंवा त्याच ठिकाणी जा, पण पहिल्याच दिवशी सांगा की दुसऱ्या दिवसापर्यंत ठणका राहील असं करायचं नाही. चांगला फिजिओ ह्यावर रागावत नाही.

रात्री उताणं झोपून कोपराखाली उशी घ्या, किंवा डाव्या कुशीवर झोपून पुढ्यात एक लोड घ्या आणि उजवा हात त्याच्यावर ठेवा. ब्लाउज घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. अंबाडा आणि पाठीमागं हात नेणं हे सगळ्यात शेवटी परत येतं, त्यामुळं तिथं घाई करून दोरी लावून पाठीमागं ओढू नका, मी ओढणारे बघितलेत. आणि बस! कर्नाटक सरकारची शक्ती योजना आल्यापासनं बायकांना तिकीट नाही आणि बसायला जागाही नाही, खानापूर गाडीत सकाळी वरची दांडी धरून उभं राहावं लागतं हे मला माहिताय. उजव्या हातानं दांडी धरू नका, ड्रायव्हरनं ब्रेक मारला की एका झटक्यात महिन्याची मेहनत जाते. डाव्या हातानं सीटचा कोपरा धरा आणि कंडक्टरना सांगा खांदा दुखतोय, देतात हो जागा.

हे मात्र नीट वाचा. ताप आणि खांदा लाल गरम, कारण नसताना वजन उतरणं, पूर्वी कुठला कॅन्सर झालेला असणं, पडल्यावर किंवा फिट (आकडी) आल्यावर सुरू झालेलं दुखणं, हाताला मुंग्या येऊन ताकद जाणं, ह्यातलं काही असेल तर व्यायाम बाजूला ठेवा आणि डॉक्टरना गाठा. आणि छातीत दडपण, घाम, धाप ह्याच्याबरोबर खांदा किंवा हात दुखला तर तो फ्रोजन शोल्डर समजून बाम चोळत बसू नका, शुगरवाल्यांनी तर अजिबात नाही, सरळ हॉस्पिटल. काही जणांना एक खांदा सुटतो आणि पुढं दुसरा धरतो, तुमचं तसं होईलच असं नाही, पण झालं तर पहिल्याच महिन्यात दाखवा, पाच महिने बाम नको.

नणंदबाईंना काय सांगायचं ते तुम्ही बघा, सांगा की मॅडम म्हणाल्या व्यायाम रोज चालू आहे, फक्त रडायचं बंद केलंय.

आणि फळ्यावरच्या तारखेचं, सध्या पोरांकडून लिहून घ्या, रोज एकाचा नंबर लावा. डाव्या हातानं लिहून हसं करून घ्यायचं कशाला, आणि पोरांना तरी कोपऱ्यात तारीख लिहायचा मान कधी मिळतो. गणपतीच्या सुट्टीपर्यंत दहाबारा रेघा झाल्या असतील, भिंतीचा फोटो काढून पाठवा, शुगरचा रिपोर्टही सोबत, मग पुढचं बघू.